शिंप्याला आधी कळलेला बाक: मोठेपणी स्कोलिओसिस निघाला तर काय करायचं

परभणीतल्या माझ्या शिंप्याला माझा आजार डॉक्टरांच्या आधी अठरा वर्षं माहीत होता. लग्नातल्या ब्लाउजचं माप घेताना त्यानं टेप दोनदा लावून पाहिला आणि म्हणाला, "ताई, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच वर हाय. डावीकडं आतून पट्टी लावतो, कुणाला दिसायचं नाही." पट्टी लागली, कुणाला दिसलं नाही, मीही विसरले. पुढं त्रेचाळिसाव्या वर्षी वर्गात उभं राहून शिकवताना कंबर इतकी धरायला लागली की तासाच्या मध्येच खुर्ची ओढावी लागायची. तेव्हा एक्स-रे काढला आणि रिपोर्टात शब्द आला: स्कोलिओसिस, म्हणजे बाजूला वळलेला कणा.

घरी प्रत्येकानं आपापलं निदान केलं. सासूबाईंच्या मते हंडे वाहून झालं. नवऱ्याच्या मते स्कूटीमुळं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मणक्यात गॅप आलाय." आपल्याकडं मानेपासून माकडहाडापर्यंत काहीही दुखलं तरी गॅपच येतो.

मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पण गेल्या सात वर्षांत मी ज्या गोष्टी उलट्यासुलट्या क्रमानं केल्या, त्या नीट क्रमानं कुणी सांगितल्या असत्या तर दोन वर्षं आणि बरेच पैसे वाचले असते. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक डॉक्टरला एकच विचारत होते: कणा सरळ कधी होणार? मोठ्या माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा कुणी कणा सरळ करायला जातच नाही. दुखणं कमी करणं, पायाची नस मोकळी करणं, तोल सांभाळणं आणि बाक वाढतोय का यावर नजर ठेवणं, एवढ्यासाठीच सगळे उपचार आहेत. हे डोक्यात बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

सगळ्यात आधी: कशासाठी थांबायचं नाही

पुढची लक्षणं असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच मोठ्या रुग्णालयात जा. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं, लघवी अडकणं, बसायच्या जागेभोवती बधिरपणा येणं. पायातली ताकद कमी होत जाणं. याची एक साधी खूण आहे: चालताना पायातली चप्पल निसटते आणि मागं पडल्यावर कळतं, किंवा पाऊल फरशीवर फटकन आपटतं.

दुसरा गट तापाचा. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारं पाठीचं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग आहे का हे पाहावंच लागतं. आपल्या भागात तो दुर्मीळ नाही. त्यातही पाठीला पोक येतो, आणि लोक त्याला "बाक" समजून महिनोन्‌महिने तेल चोळत बसतात. क्षयरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वयस्कर माणूस न्हाणीत घसरून पडलं आणि त्यानंतर एकाएकी पाठ दुखायला लागली, तर मणका दबला असण्याची शक्यता असते. तेही आधी बघायचं.

तुमचा बाक कोणता?

कणा बाजूला वळून मोजमापात १० अंश किंवा जास्त भरला, तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. मोजण्याची पद्धत न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली, म्हणून रिपोर्टात "कॉब अँगल" असं लिहिलेलं असतं. वळताना मणके नुसते बाजूला जात नाहीत, गोल जिन्यासारखे फिरतातही. म्हणून वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात.

मोठ्या माणसांत मुख्यतः दोन प्रकार भेटतात. पहिला माझ्यासारखा, म्हणजे वाढीच्या वयात आलेला आणि कुणाच्या लक्षात न आलेला. त्याचं कारण बहुतेकांत सापडत नाही. हंडा कमरेवर घेतल्यानं, दप्तर एका खांद्याला लावल्यानं, वाकडं बसल्यानं तो होत नाही. सासूबाईंना हे पटायला वर्ष लागलं. "कामून वाकडी बसायलीस गं, म्हणून झालं की ते," असं त्या अजूनही अधूनमधून म्हणतात, पण आवाजात पहिल्यासारखा दम नाही.

दुसरा प्रकार पन्नाशीनंतरचा. मणक्यांमधल्या गाद्या आणि मागचे छोटे सांधे एका बाजूनं जास्त झिजतात आणि कंबर हळूहळू कलते. इथं अंश थोडे असतात पण त्रास जास्त, कारण झिजेमुळं नसांची जागा अरुंद होते. अशा माणसाला उभं राहिलं, चाललं की मांड्या-पोटऱ्या भरून येतात, खाली बसलं की दोन मिनिटांत बरं वाटतं. माझ्या मामांना शंभर पावलं चालवत नव्हतं, पण सायकलच्या हँडलवर रेलून ती ढकलत ते अर्धा किलोमीटर जायचे. सगळे म्हणायचे, म्हातारा नाटक करतो. पुढं वाकलं की नसांची वाट थोडी मोकळी होते, इतकं साधं कारण होतं त्यामागं.

एक्स-रे: उभ्यानं, आणि पूर्ण

माझा पहिला एक्स-रे टेबलावर झोपवून, फक्त कंबरेचा काढला होता. तो जवळजवळ निरुपयोगी. झोपल्यावर बाक थोडा उलगडतो, आणि कंबर तेवढी पाहिली तर वरचा बाक दिसतच नाही. हवा असतो तो मानेपासून खुब्यापर्यंतचा, अनवाणी उभं राहून, एक समोरून आणि एक बाजूनं. तालुक्याच्या गावी एवढी लांब फिल्म निघेलच असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी डिजिटल यंत्रावर तुकडे जोडून काढतात. जाण्याआधी फोन करून "पूर्ण कण्याचा, उभ्यानं काढता का?" एवढं विचारा, म्हणजे एसटीचं भाडं वाचेल.

बाजूनं काढलेला एक्स-रे लोक फालतू समजतात. उलट, मोठ्या वयात बहुधा त्यालाच जास्त महत्त्व असतं. बाजूनं पाहताना डोकं खुब्याच्या पुढं किती झुकलंय यावर दुखणं आणि थकवा जास्त अवलंबून असतो. समोरून ४० अंशांचा बाक असलेली पण तोल नीट असलेली बाई शेत सांभाळते आणि २० अंशांची, पुढं झुकलेली, ओट्याला टेकून पोळ्या लाटते, असं होऊ शकतं.

असा उभ्यानं पूर्ण एक्स-रे काढल्यावर पुढचा दीड वर्षानं काढला. आधी ३४ अंश होते, आता ३८. त्या रात्री झोप लागली नाही. नंतर कळलं की मोजणाऱ्याच्या हातानुसार पाचेक अंशांचा फरक पडतोच. म्हणून जुनी फिल्म जपून ठेवा आणि दोन्ही एकाच डॉक्टरांकडून शेजारी-शेजारी मोजून घ्या. नुसत्या रिपोर्टांचे आकडे जुळवत बसू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गोधडीखाली ठेवलेल्या फिल्मा एकमेकींना चिकटतात, हाही अनुभव आहे. खिडकीच्या काचेवर धरून फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

पाय दुखत असतील, मुंग्या येत असतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय लागतो. नुसत्या कंबरदुखीसाठी पहिल्याच दिवशी त्याची घाई नको.

आणि एक तपासणी जी आपल्या बायकांना कुणी सुचवत नाही: हाडांच्या घनतेची, डेक्सा. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भपिशवी ऐन तिशीत काढली गेली. २०१९ मध्ये त्यावरून राज्यभर गाजावाजा झाला, चौकशी समिती बसली. पिशवीसोबत अंडाशयही काढले असतील तर त्या बाईची हाडं पस्तिशीतच साठीच्या बाईसारखी उतरणीला लागतात. अशा बाईला कंबरेचा बाक आणि दुखणं असेल तर डॉक्टरांना "पिशवी काढलेली आहे, अमुक वर्षी" हे पहिल्याच वाक्यात सांगा. डेक्साचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडांचे उपचार आधी, बाकीचं नंतर. सोबत व्हिटॅमिन डी तपासून घ्या. दिवसभर उन्हात असणाऱ्यांनाही ते कमी निघतं.

कुणाकडं जायचं

सुरुवात हाडांच्या डॉक्टरांपासून. बाक मोठा असेल, वाढत असेल किंवा पायात लक्षणं असतील तर मणक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचं मत घ्या. मत घेतलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही. सरकारी बाजूनं संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं विलासराव देशमुख आणि नांदेडचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय इथं अस्थिरोग विभाग आहेत. मोठ्या, लांबलचक शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडचे लोक पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. देवगिरीनं जाणार असाल तर खालचाच बर्थ घ्या आणि एसटीनं जाणार असाल तर मागची सीट टाळा. मानवत रोडच्या खड्ड्यांत मी हे शिकले.

ओपीडीत वेळ कमी मिळतो. मी एका कागदावर चार ओळी लिहून नेते: कुठं दुखतं, किती वेळ उभं राहता येतं, कशानं बरं वाटतं, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. "लई दुखायलंय" यापेक्षा "पंधरा मिनिटं उभी राहिले की डाव्या मांडीत कळ येते" हे डॉक्टरांच्या कामाचं असतं.

थांबून बघणं हाही उपचार

वाढ पूर्ण झाली तेव्हा बाक ३० अंशांच्या खाली असेल तर तो पुढं सहसा वाढत नाही. पाठीच्या वरच्या भागातला बाक ५० च्या पुढं असेल तर तो वर्षाला साधारण एक अंशानं सरकत राहू शकतो. मधल्यांचं ज्याचं त्याचं वेगळं. कंबरेतला बाक मात्र ३० च्या पुढं गेला की लक्ष ठेवावं लागतं, आणि झिजेतून आलेला कधी वेगानंही वाढतो. किती वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढायचा हे डॉक्टर ठरवतील. मला दोन वर्षांनी बोलावलंय.

छातीच्या भागातला बाक ८० अंशांच्या आसपास किंवा पुढं गेला तर फुप्फुसाला जागा कमी पडू शकते. जिना चढताना धाप लागत असेल तर फुप्फुसाची तपासणी करून घ्या. त्याखालच्यांनी उगाच घाबरू नये. अमेरिकेतल्या आयोवा इथं, किशोरवयात स्कोलिओसिस झालेल्या पण उपचार न घेतलेल्या लोकांचा ५० वर्षं पाठपुरावा झाला आणि २००३ मध्ये तो छापून आला. त्यांची पाठ इतरांपेक्षा जास्त दुखत होती, पण बहुतेकांनी नोकऱ्या केल्या, संसार केले, आणि ते इतरांइतकंच जगले. हा कागद माझ्या हाती पहिल्याच महिन्यात कुणी दिला असता तर बरं झालं असतं.

व्यायाम, ज्याला खरं तर सगळ्यात जास्त जागा द्यायला हवी

बहुतेकांचा मुख्य उपचार हाच. बाकाचे अंश त्यानं फारसे उतरत नाहीत, पण कण्याला धरून ठेवणारे स्नायू दमायचे थांबतात आणि दुखणं खाली येतं.

जर्मनीतल्या काथारीना श्रोथ यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. कमरपट्टा घालून बरं वाटेना, तेव्हा आरशासमोर उभं राहून, छातीच्या दबलेल्या बाजूत मुद्दाम श्वास भरून त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली आणि १९२१ मध्ये माइसेन गावात दवाखाना काढला. आजही ही पद्धत त्यांच्याच नावानं चालते. ती रीतसर शिकलेले फिजिओ आपल्याकडं मोजके आहेत. माझ्या फिजिओताईंनी तिचा गाभा तेवढा शिकवला. मला कपाटाच्या आरशाकडं तोंड करून बसवलं, डाव्या बाजूला, जिथं बरगड्या आत गेल्यात तिथं, दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "आता श्वास या बोटांकडं पाठवा." पहिले आठ दिवस श्वास तिकडं जाईचना. मग एका सकाळी बोटं हलली. अर्धा सेंटिमीटर असेल, पण हलली.

श्रोथ शिकवणारं कुणी नसेल तरी अडत नाही. पाठ, पोट आणि नितंबांचे साधे व्यायाम नियमानं केले तरी फायदा होतो. माझे तीन ठरलेले आहेत. पहिला: शेण सारवायला बसतो तसं हात आणि गुडघे टेकायचे, मग उजवा हात पुढं आणि डावा पाय मागं सरळ करून पाच-सहा श्वास थांबायचं, नंतर उलट. कंबरेवर पाण्याचा तांब्या ठेवलाय आणि तो सांडू द्यायचा नाही, असं समजायचं. दुसरा: उताणं पडून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलायची. तिसरा: कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर भार देऊन कंबर उचलून धरायची. कोणत्या कुशीवर जास्त वेळ, हे तुमच्या बाकावर अवलंबून आहे, ते फिजिओकडूनच ठरवून घ्या. सतरंजीवर वीस मिनिटं, नळाला पाणी यायच्या आधी. वर रोजचं चालणं.

दुखणं किती चालेल याचा माझ्या फिजिओताईंचा नियम सोपा आहे: करताना थोडं जाणवलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे. नाही ओसरलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका. मला तिसऱ्या महिन्यात फरक पडला. दीड महिन्यात सोडून देणाऱ्या चार जणी मला माहीत आहेत.

योगासनं करायला हरकत नाही, पण हाडं विरळ असतील तर खूप पुढं वाकायची आणि जोरात पिळायची आसनं नकोत, आणि शीर्षासन तर नकोच. ज्या शिक्षकाकडं जाल त्यांना एक्स-रे दाखवा.

शेतातल्या कामाला "करू नका" म्हणून चालत नाही. खुरपणीला उकिडवं बसण्याऐवजी छोटा पाट किंवा उलटी बादली घ्या. कापूस वेचताना ओटी एकाच बाजूला लोंबकळू देऊ नका, अर्ध्यावर रिकामी करा. हंडा असेल तर दोन छोटे, दोन्ही हातांत. यानं बाक बदलत नाही, संध्याकाळ बदलते.

जेवणाचं थोडक्यात: तीळ, दूध, दही, ताक रोजच्या ताटात असू द्या. आपल्याकडं भाकरीवर तीळ लावतात ते संक्रांतीपुरतं ठेवू नका.

गोळ्या, इंजेक्शन, बेल्ट

साध्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅकसारख्या सुजेच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी ठीक, पण रोजच्या नकोत. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब, तिन्हींवर त्या बसतात. बीपी किंवा शुगर असेल तर मेडिकलवाल्याकडून "कंबरेची पट्टी द्या" म्हणून घेऊच नका. नस दबून पायात कळा येत असतील तर प्रेगाबालिन, गॅबापेंटिनसारखी औषधं देतात. त्यांनी गरगरतं, झापड येते. पहिल्या आठवड्यात स्कूटी नको.

"जुनाट कंबर, गुडघे, सगळ्यावर एकच" अशा पुड्यांपासून चार हात लांब. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पहिल्या दिवशी जादू वाटते आणि वर्षभरात हाडं आणखी पोकळ.

पायात जाणारी कळ गोळ्यांनी ऐकत नसेल तर नसेजवळ इंजेक्शन देतात, यंत्रावर सुई बघत. काहींना काही आठवडे ते महिने आराम मिळतो, काहींना अजिबात नाही. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, आधी सांगा. मिळालेल्या आरामात व्यायाम सुरू करायचा, नुसतं पडून राहायचं नाही. तसं पडून राहिलात तर इंजेक्शनचे पैसे वाया.

कमरेचा बेल्ट मोठ्या माणसाचा कणा सरळ करत नाही. लग्नघरी उभं राहायचंय, लांबचा प्रवास आहे, अशा वेळी दोन-तीन तास लावा. दिवसभर लावाल तर स्नायू आळशी होतात. एका पायाच्या बुटात टाच घालायची असेल तर दोन्ही पायांची लांबी आधी मोजून घ्या. बाकामुळं पाय नुसता आखूड भासतोही.

आता माझा मूर्खपणा. एका गावात मणका "बसवून" देणारा एक जण आहे असं कळलं, तेव्हा मी रविवारी रांगेत चार तास बसले. त्यानं मला पालथं झोपवून पाठीवर गुडघा दिला. कट्टकन आवाज आला. "बसला बघा," म्हणाला आणि पाचशे रुपये घेतले. पुढचे आठ दिवस मला कुशीवर वळता येत नव्हतं. माझी हाडं मजबूत होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. हाडं विरळ झालेल्या माणसाचा मणका असल्या गुडघ्याखाली मोडू शकतो.

ऑपरेशन: कधी, काय, आणि मग मांडी घालून बसता येईल का

नीट केलेल्या व्यायाम-औषधांनंतरही पायातली कळ थांबत नाही, चालणं घटत चाललंय, बाक स्पष्ट वाढतोय, अंग पुढं किंवा बाजूला कलून सरळ उभंच राहता येत नाही, ताकद जातेय: शस्त्रक्रियेचा विचार अशा वेळी होतो. नुसता आकडा मोठा आहे म्हणून पन्नाशीतल्या, फारसं न दुखणाऱ्या माणसाचं ऑपरेशन सहसा करत नाहीत.

तीही एकाच मापाची नसते. कुणाची फक्त नस मोकळी करून भागतं, कुणाचे दोन-तीन मणके स्क्रू-सळ्यांनी जोडतात, तर कुणाचा कण्याचा मोठा भाग, कधी थेट कमरेच्या हाडापर्यंत, जोडावा लागतो. लहान शस्त्रक्रियेतून बाक तसाच राहतो, मोठीतून सुधारतो, पण किंमतही मोठी. मोठ्या शस्त्रक्रियेत दर दहापैकी तीन-चार जणांना तरी लहानमोठी गुंतागुंत होते: जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नसेला इजा, हाड न जुळणं, सळई तुटणं, आणि काहींना पुन्हा टेबलावर जावं लागणं. ज्यांची निवड नीट होते त्यांचं दुखणं आणि चालणं बरंच सुधारतं हेही तितकंच खरं. सावरायला सहा महिने ते वर्ष धरा.

आपल्या लोकांनी सर्जनना विचारायचे प्रश्न कुठल्या छापील यादीत सापडत नाहीत, म्हणून देते. जोडल्यावर मला जमिनीवर मांडी घालून पंगतीत बसता येईल का? देशी संडासात बसता येईल का, की घरात कमोड बसवून घ्यायला हवा? मोठ्यांच्या पाया पडायला वाकता येईल का? खाली पडलेली वस्तू कशी उचलायची? थेट कमरेच्या हाडापर्यंत जोडलं तर यातलं बरंचसं जातं. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईचं ऑपरेशन चांगलं झालं, दुखणं गेलं, पण देवघर जमिनीवर होतं. ते वर उचलून टेबलावर आणलं तेव्हा कुठं त्या हसल्या.

तंबाखू आणि मिश्री. निकोटीन हाड जुळू देत नाही. बिडीतून जाओ की दाढेखालच्या चिमटीतून, ते रक्तातच जातं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका "मी कुठं बिडी ओढते" म्हणून मिश्रीचं सांगतच नाहीत. सांगा, आणि ऑपरेशनच्या निदान काही आठवडे आधी बंद करा.

पैशांसाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण तुमची नेमकी शस्त्रक्रिया यादीत आहे का आणि ती कोणत्या रुग्णालयात होते, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडं भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेही बघा. माझ्या ओळखीत एकाचं काम एका वेलांटीवर आठ दिवस अडलं होतं. आणि दुसऱ्या सर्जनचं मत घेताना लाजू नका. चांगला सर्जन त्याचा राग धरत नाही.

बाळंतपण, लग्न आणि घरातली पोरं

स्कोलिओसिस असलेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण सुखरूप होतं. फक्त कमरेतून भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा आणि एक्स-रे सोबत ठेवा, सुईला वाट शोधावी लागते. स्थळ बघताना लपवायचं की सांगायचं, यावर माझं मत "सांगायचं" असंच आहे, पण आपल्याकडं मुलींनाच हा प्रश्न पडतो आणि वाकड्या कण्याच्या मुलाला कुणी विचारत नाही, याचा मला राग आहे.

हा बाक घराण्यात फिरतो. मोठेपणी जे जमत नाही ते वाढीच्या वयात जमतं. मुलांत ठरावीक बाकासाठी ब्रेस (धडाला घालायचा ताठ पट्टा) दिवसातले बरेच तास वापरला तर शस्त्रक्रियेची पाळी टळू शकते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी-कॅनडातल्या चाचणीत ब्रेस लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न लावलेल्यांत ४८ टक्के. म्हणून तुम्हाला असेल तर घरातल्या दहा ते चौदा वर्षांच्या पोरींची पाठ बघा. पाय जुळवून, तळहात जोडून कंबरेतून पुढं वाकायला सांगायचं आणि मागं उभं राहून दोन्ही बाजूंची उंची पाहायची.

मागच्या संक्रांतीला माझी बारा वर्षांची पुतणी तिळगूळ घ्यायला पाया पडली, आणि वरून तिच्या पाठीची उजवी बाजू मला किंचित उंच दिसली. दुसऱ्या दिवशी तिला वाकवून, फोनमधलं तिरकेपणा मोजणारं ॲप पाठीवर आडवं धरून पाहिलं. सात अंशांच्या आसपास किंवा वर आकडा आला तर डॉक्टरांना दाखवायचं असतं. चार आला. दर सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलंय, आणि पुढची तारीख कालनिर्णयच्या पानामागं, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलीय.